बाराव्या दिवसाचं नाव

दुबईच्या करामा भागात आमच्या इमारतीसमोर खजुराची सात झाडं आहेत. जून सरत आला की म्युनिसिपालिटीची माणसं शिड्या घेऊन येतात, वर चढतात आणि पिकू लागलेल्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधून जातात. पक्ष्यांनी टोचू नये, खाली फुटपाथवर चिकट सडा पडू नये, एवढाच हेतू. परवा सकाळी ती माणसं आली. मी गॅलरीत उभी राहून बघत होते आणि दरवर्षीसारखी घशाला कोरड पडली.

पुण्याहून फोन आला की हमखास कुणीतरी विचारतं, "तुमच्याकडे ऋतू दोनच ना गं? उन्हाळा आणि कडक उन्हाळा?" मी हो म्हणते. समजावत कोण बसणार? पण इथे राहिलेल्या माणसाला कळतं, की जूनचं ऊन कोरडं असतं आणि जुलैचं ओलं. जुलैत इमारतीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर जग दिसेनासं होतं. गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडतो, कारण घरातल्या गीझरच्या टाकीत थांबलेलं पाणी तेवढं जरा निवलेलं असतं. नवीन आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आपली थट्टा चाललीय असं समजतो. मला ह्या सगळ्याची सवय झाली आहे, काही गोष्टी तर आवडतातही. जाळ्या मात्र आवडत नाहीत.

जाळ्या लागल्या की मला दोन हजार नऊचा उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात, मॉर्मन राहायचं की नाही, हे मी ठरवत होते.

हे वाक्य मराठीत लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतं. कोथरूडची मी. माहेरी चतुर्थी, सासरी नवरात्र, आणि सकाळी उठल्याबरोबर आल्याचा चहा. अशा बाईचा अमेरिकेत जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाशी काय संबंध? नातेवाइकांनी हा प्रश्न तोंडावर कधी विचारला नाही, पाठीमागे मात्र भरपूर चघळला. कुणी म्हणालं पैसे दिले असतील, कुणी म्हणालं व्हिसासाठी केलं असेल. खरं कारण कुणाला सांगितलं असतं तर सगळे गप्प झाले असते, म्हणून मी सांगितलं नाही.

खरं कारण अकरा दिवसांचं होतं.

इरा तीन वर्षांची असताना मला मुलगा झाला. पुण्यात, जुलै महिन्यात. अकराव्या दिवशी तो गेला. आमच्यात बारसं बाराव्या दिवशी. पाळणा आणून ठेवला होता, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. ते हरभरे पुढे दोन दिवस तसेच पातेल्यात होते आणि त्यांना मोड आले. कुणाला टाकून द्यायचं सुचलं नाही. हॉस्पिटलच्या कागदावर त्याच्या नावाच्या रकान्यात 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. मोठ्या माणसाला अग्नी देतात, एवढ्या लहान जिवाला पुरतात. शिरीष, म्हणजे माझा नवरा, आणि त्याचे मामा त्याला घेऊन गेले. मी अंगात ताप घेऊन पडले होते, छातीत दुधाच्या गाठी झाल्या होत्या. पुढे काय करायचं म्हणून सासूबाईंनी गुरुजींना विचारलं. ते फार मऊ आवाजात म्हणाले, "काही करायचं नसतं. श्राद्ध नाही, तिथी नाही. लहान जीव, तो सुटला."

तो सुटला. मी कुठे सुटले? माणूस गेल्यावर आपल्याकडे तेरा दिवस करण्यासारखं किती असतं! त्या करण्यात दिवस निघून जातात. मला काहीच दिलं नव्हतं. महिन्याभराने सासूबाई म्हणाल्या, "आता त्याचं नाव काढू नकोस." नाव नव्हतंच, तर काढणार काय?

पुढच्या वर्षी शिरीषला कंपनीने अमेरिकेत पाठवलं. शेजारी मार्था नावाची सत्तरीची बाई राहायची. तिच्या जिन्याच्या भिंतीवर फोटोच फोटो. पणजोबांपासून पणतवंडांपर्यंत. तिने एकदा मला घरी बोलावलं, गरम कोको दिला आणि सहज विचारलं, "मुलं किती तुला?" मी नेहमीसारखं 'एक' म्हणायला तोंड उघडलं आणि 'दोन' म्हणाले. तिने कपाटातून एक छापील कागद आणला. वरती आईबाप, खाली मुलांच्या ओळी. इराचं नाव लिहून झाल्यावर दुसऱ्या ओळीवर पेन ठेवून ती थांबली. "आणि ह्याचं?"

आम्ही घरात दोन नावं काढली होती. एक शिरीषचं आणि माझं, एक माझ्या नणंदेचं, वृंदाताईंचं. त्यांचा आग्रह मोठा होता, कारण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. कुठलं नक्की होणार हे बाराव्या दिवशी पाळण्याशीच कळायचं होतं. मार्थाच्या स्वयंपाकघरात मला जे ओठांवर आलं ते मी सांगितलं. आमचं. तिने एकेक अक्षर विचारून ते लिहून घेतलं. पेनाची शाई निळी होती. माझ्या मुलाचं नाव मी पहिल्यांदा लिहिलेलं बघत होते आणि त्याला जाऊन एक वर्ष होऊन गेलं होतं.

त्यांच्याकडे असं मूल हरवत नाही, असं मार्थाने सांगितलं. देवळात एक विधी करतात. आईबाप आणि मुलं कायमची एकत्र बांधली जातात, मरणानंतरसुद्धा. गेलेल्या मुलालाही त्यात घेतात. तो तुला भेटेल, ती म्हणाली, आणि तूच त्याला वाढवशील. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. वर्षभरात आम्ही दोघं पाण्यात बुडी मारून त्या पंथाचे झालो, आणि पुढच्या वर्षी पांढऱ्या कपड्यांत त्या विधीला उभे राहिलो. त्याच्या जागी कुणा दुसऱ्याला उभं केलं होतं. मी त्या दिवशी खूप रडले आणि परत येताना गाडीत पोटभर जेवले. तीन वर्षांत मला अशी भूक लागली नव्हती.

दोन हजार सातमध्ये आम्ही दुबईत आलो. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी यायचा. समुद्राकडच्या भागातल्या एका व्हिलात सगळे जमायचे. अमेरिकन, फिलिपिनो, लंकेचे, थोडे आपल्याकडचे. मराठी म्हणाल तर आम्हीच. माणसं खरोखर चांगली होती. इराला गोवर झाला तेव्हा आठ दिवस आमच्या घरी जेवणाचे डबे आले, एकही डबा तिखट नव्हता पण आले. मी त्यांच्यावर रागावून बाहेर पडले असं कुणाला वाटू नये. रागावता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

चहा सोडावा लागला होता. चहा, कॉफी, दोन्ही वर्ज्य. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटते ना? मराठी माणसाच्या घरी जाऊन चहा नको म्हणून बघा. हळदीकुंकवाला एकदा सांगितलं नको, दुसऱ्यांदा सांगितलं नको, तिसऱ्यांदा बोलावणंच आलं नाही. मराठी मंडळाचे कार्यक्रम शुक्रवारीच असायचे, तेही सुटले. दुबईच्याच देरा भागात मी एका ट्रेडिंग ऑफिसात नोकरी करत होते. तिथले हैदराबादचे रफीकभाई रोज सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलाशी थांबून विचारायचे, "भाभी, चाय?" मी म्हणायचे, "आज नही, भाई." ते म्हणायचे, "कोई बात नही, कल इन्शाल्ला." दोन वर्षं हा संवाद एका शब्दाच्याही फरकाशिवाय चालला होता.

मग दोन हजार आठचा शेवट आला, आणि मंदी. शिरीष तेव्हा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका कारखान्याच्या बांधकामावर होता. आधी नवीन कामं थांबली, मग चालू कामं थांबली, मग क्रेन थांबल्या. एरवी सगळ्या दिशांना फिरणाऱ्या क्रेन एकाच दिशेला तोंड करून उभ्या दिसायच्या. मार्चमध्ये त्याचा नंबर लागला. मॅनेजरने बोलावून, "खलास, यार, प्रोजेक्टच खलास," एवढंच सांगितलं. दोन महिने त्याने इथे हातपाय मारले, मे महिन्यात तो पुण्याला गेला. इराचा व्हिसा माझ्या नोकरीवर घेतला आणि आम्ही दोघी मागे राहिलो. शाळेचं वर्ष मोडायचं नाही, असं ठरलं होतं.

व्हिलातल्या खुर्च्याही रिकाम्या होत चालल्या होत्या. दर शुक्रवारी कुणाचा तरी निरोप. मिठ्या, केक, फोटो, "कीप इन टच". मी मागच्या रांगेत बसायचे. आणि मला एक गोष्ट कळून चुकली होती जी मी कुणाला सांगितली नव्हती. मला आतून काहीच वाटत नव्हतं. प्रार्थनेला डोळे मिटले की समोर फक्त डोळ्यांवरची कातडी. भाजीचा हिशेब, इराचा गृहपाठ, शिरीषचा बसलेला आवाज, एवढंच डोक्यात यायचं. हे दुःख नोकरीचं आहे, नोकरी लागली की जाईल, असं स्वतःला सांगून बघितलं. पण ते त्याच्या आधीपासून होतं. सगळे हसतमुखाने गाणी म्हणत असताना मी ओठ हलवत होते, आणि किती महिने नुसते ओठच हलवत होते ते आठवेना.

त्यांच्यात महिन्यातून एकदा उपास असतो. आपल्या उपासाला साबुदाणा असतो, रताळं असतं, शिंगाड्याचं थालीपीठ असतं. ह्या उपासाला पाणीसुद्धा नाही. उपासाच्या दिवशी ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन माइकवर आपला विश्वास सांगायचा. सक्ती नाही. जुलैच्या पहिल्या शुक्रवारी मी शिरीषच्या नोकरीसाठी उपास धरला होता. टॅक्सीतून जाताना सगळ्या रस्त्यांवर खजुराला जाळ्या लागलेल्या दिसल्या. जीभ टाळूला चिकटली होती. मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, आज काहीतरी वाटू दे. एवढंसं. नाहीतर मी कशी येत राहू?

आणि इरा उठली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, शाळेचे काळे बूट. मला न विचारता ती पुढे गेली, माइक खाली ओढला आणि म्हणाली, "आय नो माय बेबी ब्रदर इज वेटिंग फॉर अस." मग नाव घेतलं. कागदावरचं. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. माझ्या शेजारणीने माझा हात घट्ट दाबला. मला मात्र आठवत होतं ते एवढंच, की हे तिला मी शिकवलंय, आणि मला स्वतःला ते आता खरं वाटत नाही.

त्या संध्याकाळी शिरीषचा फोन आला. पाऊस पडत होता तिकडे, मागे पत्र्याचा आवाज येत होता. मी त्याला सांगून टाकलं. म्हटलं, "मला तिथे बसवत नाही रे आता. पण सोडलं तर त्याचं काय? जगात त्याचं नाव फक्त तिथे लिहिलंय."

तो म्हणाला, "मी तर कधी मानलंच नव्हतं गं. मी तुझ्यासाठी पाण्यात उतरलो होतो. तू वर्षभर हसली नव्हतीस."

तोंडात मारल्यासारखं झालं. चार वर्षं माझ्या शेजारी बसून मान खाली घालणारा हा माणूस कुणाची प्रार्थना करत होता? मी म्हणाले, "मग त्या देवळात जे केलं ते?"

"तू रडत होतीस. मी तुझा हात धरला होता. मला तेवढंच आठवतंय." आणि मग, जरा दबक्या आवाजात, "अजून एक आहे. ताईशी बोलणं झालं काल. इथे ताईकडेच राहतोय ना. काल त्याचा वाढदिवस असता, तीच म्हणाली. मी म्हटलं, तुला कसं लक्षात? तर ती त्याचं नाव घेऊन बोलली. आपण लिहिलेलं नाही. तिचं."

"त्यांनी सुचवलेलं. नक्की कुठे झालं होतं?"

"झालं होतं म्हणते ती. दहाव्या दिवशी संध्याकाळी. तूच म्हणालीस म्हणे, ताई, तुम्हाला आवडतंय ते ठेवू या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी वृंदाताईंना फोन केला. गेल्या सहा वर्षांत आम्ही दोघी ह्या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो. त्यांनी पंथाबद्दल मला कधी टोचून बोलून घेतलं नाही, फक्त एकदा आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण स्वतःच्या घरी नेला, "इथे उपाशी राहील," म्हणून. मी विचारलं, "ताई, मी खरंच तसं म्हणाले होते?"

"अगं, तुला एकशे तीन ताप होता. तुला नसेल आठवत. पण माझा हात धरून म्हणालीस. म्हणून तर मी लगेच लक्ष्मी रोडला गेले ना. वाटी घेतली चांदीची. मागे नाव कोरून घेतलं. अकराव्या दिवशी सकाळी ती घेऊनच मी तुमच्याकडे निघाले होते."

मी म्हणाले, "वाटी कुठे आहे?"

"आईने मोडायला लावली. असली वस्तू घरात ठेवत नाहीत म्हणाली. मी पंधरा दिवस लपवून ठेवली, मग दिली सराफाला. त्याने माझ्यादेखत वितळवली." आणि मग वृंदाताई, ज्यांना मी लग्नापासून कधी रडताना पाहिलं नाही, त्या फोनवर हुंदके द्यायला लागल्या. "तुला सांगायची छाती झाली नाही गं माझी. तू तिकडे जाऊन वेगळंच नाव दिलंस ते मला इराने सांगितलं. म्हटलं, असू दे, तिला बरं वाटतंय ना."

मी खोटं बोलत नाही, पण त्या क्षणी मला त्यांचाही राग आला, माझाही, तापाचाही. एक नाव चांदीवर कोरलं होतं आणि ते वितळलं. एक नाव निळ्या शाईने लिहिलं होतं, ते अमेरिकेतल्या कुठल्याशा संग्रहात कायमचं जपून ठेवलं होतं, आणि ते त्याचं नव्हतं. किंवा होतं. दहाव्या दिवसाची ती संध्याकाळ आठवायचा मी किती प्रयत्न केला! कपाळावरची ओली घडी आठवते, कुणीतरी खिडकी लावली ते आठवतं. ताईंचा हात आठवत नाही. आईला आपल्या मुलाचं नाव ठाऊक नाही, हे कुणापुढे बोलून दाखवायचं?

बिशपपुढे बोलले. त्यांचा बिशप म्हणजे कुणी पगारी धर्मगुरू नव्हे. आमचा बिशप एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनियर होता, मूळचा फिलिपिन्सचा, पन्नाशीचा, आणि त्याच्याही कंपनीतली निम्मी माणसं त्या वर्षी गेली होती. देवळात जायची परवानगी टिकवायला दर दोन वर्षांनी एकदा त्याच्यापुढे बसून काही ठरलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची असतात. तुमचा विश्वास आहे का, हा पहिला. माझी ती वेळ आलीच होती. त्याने प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, "आधी मला एक विचारायचंय. नाव दुरुस्त करता येतं का?"

सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगताना बारसं म्हणजे काय, आत्या कानात का सांगते, हे समजावताना माझी दमछाक झाली. त्याने मध्येच तोडलं नाही. शेवटी म्हणाला, दुरुस्त नक्की होऊ शकेल, त्याला वाटतं एखादा कागद लागेल. जन्माचा दाखला, हॉस्पिटलचं काहीतरी, ज्यावर खरं नाव असेल असं काहीही. मी म्हणाले, "नावाचा असा कागद नाही. आणि खरं कुठलं ते मलाही माहीत नाही." मग मी विचारलं, मी सोडून गेले तर? तो म्हणाला, त्याच्या समजुतीप्रमाणे मुलाचं नाव कुठेही जाणार नाही. "तुमचं जाईल, सिस्टर." हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने अजून एकदा विचार करा म्हटलं, माझ्यासाठी आपण स्वतः उपास धरू म्हटलं. बाहेर दुसरं कुटुंब निरोप घ्यायला थांबलं होतं.

मी विचार केला. जुलै केला, ऑगस्ट केला. खजूर पिकले, जाळ्यांतच काळे पडले, उतरवून नेले. मी तिथे राहत होते ती मुलासाठी. तो तिथे आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना दर शुक्रवारी हसतमुख लोकांत बसणं मला जमेना. निघावं तर तो तिथेच असला तर? आई नसलेलं मूल म्हणून, चुकीच्या हाकेला ओ देत बसला असेल तर? ह्या प्रश्नाने मी महिनाभर वेडी झाले होते. विश्वास उडालेल्या माणसाला भीतीही उरत नाही असं वाटतं ना? तसं होत नाही. विश्वास जातो, भीती राहते.

सप्टेंबरमध्ये मेट्रो सुरू झाली. ज्या खांबांखालून दोन वर्षं बसने धक्के खात जायचे, त्यांच्यावरून मी पहिल्यांदा देराला गेले. पर्समध्ये पत्र होतं. मला सोडायचं आहे, माझं नाव काढून टाकावं, चार ओळी आणि सही. ऑफिसच्या खालच्या पेटीत ते टाकलं आणि वर गेले. अकरा वाजता रफीकभाई आले. "भाभी, चाय?"

मी म्हणाले, "हां, भाई."

ते 'कोई बात नही' म्हणून पुढेही गेले होते. मग उलटे आले. कागदी पेल्यातला चहा टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या खुर्चीवर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले. तो चहा अति गोड होता, कंडेन्स्ड मिल्कचा. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. नुसता चहा होता तो.

घरी आल्यावर इराला सांगितलं. आपण आता शुक्रवारी तिकडे जायचं नाही, तुला जायचं असेल तर मी सोडेन, असं सगळं नीट, समजुतीने सांगितलं. तिने गृहपाठाच्या वहीतून मान वर केली. "सो ही इज नॉट वेटिंग?"

"मला माहीत नाही, बाळा."

"बट यू सेड."

हो, म्हटलं होतं. इरा आता कॅनडात असते, दर रविवारी फोन करते. तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. शिरीष दोन वर्षांनी इथे परत आला, लहान कंपनीत, आधीपेक्षा खालच्या हुद्द्यावर, आणि आमचं बरं चाललंय असं आम्ही सगळ्यांना सांगतो. वृंदाताईंनी बाळकृष्ण परत आणून दिला. तो देव्हाऱ्यात आहे. मी त्याला दूध दाखवते, मागत काही नाही. एका घरातून निघालेल्याला पहिलं घर आपोआप परत मिळतं अशी माझी समजूत होती, तीही खरी नव्हती.

परवा जाळ्या लागल्या. दोन-चार दिवसांत ते अकरा दिवस सुरू होतील. त्या दिवसांत मी चहा पीत नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही. गुरुजींनी नाही आणि बिशपनेही नाही. पहिल्या वर्षी आपसूक घडलं, आणि आता चहाचा डबा वरच्या फळीवर ठेवताना शिरीष स्टूल धरून उभा राहतो, विचारत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मी डबा खाली काढते. आलं किसते, चहा टाकते, कप घेऊन गॅलरीत बसते. खालच्या झाडांवर जाळ्यांमध्ये खजूर तांबूस झालेले असतात. मग मी वाकून, अगदी हळू, दोन्ही नावं घेते. आधी ताईंचं, मग आमचं. ती इथे लिहीत नाही, एकदा घाईने लिहून बसले ते पुरे. दोन्हीपैकी एक त्याचं असेलच. सांगायला फक्त कान नसतो.

मग चहा निवायच्या आत पिते आणि ऑफिसला जाते.